त्याला माझ्याऐवजी रिकामी खाट दिसली

अमानवीय वगैरे किस्से मी वाचायचे ते हसण्यासाठी. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र हसू आलं नाही...

२००८ साल. मी बावीस वर्षांची, महाडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. घर जवळच्याच नाते गावात. तेव्हा आम्ही सगळ्याच मैत्रिणींनी नेटवर प्रोफाइल केले होते आणि फोटोखाली कोण काय लिहितंय त्यावर आमचा दिवस बरा-वाईट जायचा. तिथेच निलेश भेटला. पोलादपूरचा, पुण्यात नोकरीला—असं तो सांगायचा. माझे डोळे सुंदर आहेत असं मला आधी कोणीच म्हटलं नव्हतं.

मग त्याने ‘तसला’ फोटो मागितला. “प्रेम असेल तर पाठवशील. सगळ्या पाठवतात.”

एका दुपारी घरचे भातकापणीला गेले होते. दार लावून खाटेवर बसले, फोटो काढला—कसा ते सांगत नाही—आणि पाठवून दिला. लगेच त्याचा फोन.

“चेष्टा करतेस? रिकामी खाट काय पाठवतेस?”

मी मोबाईल पाहिला. फोटोत मी होते! तोच पुन्हा पाठवला. तो इतका भडकला की नको नको ते बोलला. वर “बघ, शीक जरा” म्हणून एका मुलीचा फोटो मला पाठवला. मान खाली घातलेली, लाजलेली मुलगी... तिनेही माझ्यासारखाच विश्वास टाकला असणार.

संध्याकाळी वहिनीला सगळं सांगितलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. ती म्हणाली, “रडतेस कशाला गो? तू काय चोरी नाय केलीस. पण त्या पोरीचं काय? उद्या पोलिसात जाऊ.”

गेलो. निलेश पुण्यात नव्हताच, पोलादपुरातच सापडला. महिला हवालदारांनी त्याचा मोबाईल आमच्यासमोर उघडला. कितीतरी मुलींचे फोटो! माझ्या नावावर मात्र खाट, खिडकी आणि भिंतीवरचं कॅलेंडर. वहिनीने माझा मोबाईल शेजारी धरला. तीच खिडकी, तेच ऊन. माझ्या फोटोत कॅलेंडर माझ्या डोक्यामागे अर्धं झाकलं होतं. त्याच्याकडे ते पूर्ण दिसत होतं, अगदी तारखांसकट.

“आधी रिकामी खाट काढली असशील,” हवालदार म्हणाल्या. मी नव्हती काढली.

त्याचा मोबाईल जप्त झाला, त्याच्यावर केस झाली. ती लाजलेली मुलगी पोलिसांमुळे सापडली, पुढे आमच्याच क्लासला यायला लागली, आज माझी जिवाभावाची मैत्रीण आहे. माझा संसार छान चाललाय. नवऱ्याला हे सगळं लग्नाआधीच सांगितलं होतं. तो मोबाईल दुरुस्तीचं काम करतो. म्हणतो, “फाईल बिघडली तर अख्खा फोटो बिघडतो. नुसतं माणूस जाऊन मागची भिंत कशी भरून येईल?”

मलाही माहीत नाही. वहिनीला विचारलं तर म्हणते, “कोणी केलं ते कशाला शोधतेस? बरं केलं ना?”