भाड्याचे आजोबा

इल्देमारो फुएनमायोर रोज पहाटे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात येऊन उभे राहायचे आणि लेकीला विचारायचे, "नेरेइदा, आज मी कुणाचा?"

"आज मास्तरांचे, बाबा." नाहीतर, "आज चिंकाचे." चिंका म्हणजे मी, शेजारची.

म्हातारपणी डोकं फिरलं होतं असं कुणी समजू नका. हा धंदा होता. मक्याचं पीठ, दूध पावडर, तेल, साबण, सगळ्याचे भाव तेव्हा सरकारने बांधून दिलेले. भाव इतके कमी, की निम्मा माल व्हेनेझुएलातल्या आमच्या मारकाइबोच्या दुकानात उतरायच्या आधीच सीमेपलीकडे कोलंबियात पोचायचा. उरलेल्या मालासाठी आम्ही उन्हात रांगा लावायच्या. म्हाताऱ्यांची रांग मात्र वेगळी, छोटी. आणि म्हाताऱ्यासोबत आधाराला घरातलं एक माणूस आत सोडत. ज्याच्या घरी म्हातारं माणूस, त्याच्या घरी अरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, भाजल्या जायच्या. आमच्या गल्लीतली बाकी म्हातारी माणसं मेली तरी होती, नाहीतर मुलांच्या मागे देश सोडून गेली होती. उरले एकटे इल्देमारो. नेरेइदाने त्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली.

अटी सोप्या होत्या. पिठाची चार पाकिटं मिळाली तर एक नेरेइदाचं. आजोबांचं त्या दिवसाचं जेवण नेणाऱ्याकडे. आणि रांगेत सावली सरकली की त्यांची बसायची खुर्ची सरकवायची. ही तिसरी अट नेरेइदा पुन्हा पुन्हा बजावायची. "ऊन लागून आडवे झाले, तर उद्या कुणाला घेऊन जाल?" बापावरचं प्रेम म्हणा, नाहीतर चालत्या धंद्याची काळजी. मी तरी दोन्हींत फारसा फरक केला नाही.

आजोबांना मात्र हे काम मनापासून आवडायचं. जन्मभर त्यांनी भाड्याची गाडी चालवली होती, अनोळखी माणसांना शेजारी बसवून घेण्याची सवय होती. दारावरच्या पहारेकऱ्यासमोर ते असा काही अभिनय करायचे, की बघत राहावं. माझ्या दंडाला धरून म्हणायचे, "ही माझी धाकटी नात. स्वयंपाकात ढ. नवरा पळाला तो उगाच नाही."

पहारेकरी हसायचा. "आजोबा, काल तर तुम्ही त्या मास्तरांचे होता."

"माझा गोतावळा मोठा आहे, पोरा. तुझी आई काय म्हणते? तीही माझीच असेल, विचारून बघ."

आजोबांना सगळ्यात जास्त दोघे जण न्यायचे, आणि त्या दोघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. एक एर्मागोरास मास्तर. सरकारने सगळं हातात घेतल्याशिवाय गरिबाला घास मिळणार नाही, असं मानणारे. दुसरा वोल्फगांग किराणावाला, आम्ही वोल्फी म्हणायचो. भाव बांधल्यापासून त्याचं दुकान ओस पडलं होतं, म्हणून तोही बिचारा दुसऱ्याच्या दुकानासमोर रांगेत. पाळी एकाची असली, तरी दुसरा शेजारच्या मोठ्या रांगेत असायचाच. खुर्चीच्या एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला वोल्फी, आणि भांडण आजोबांच्या डोक्यावरून.

"म्हाताऱ्या माणसाला पुढे घालणारं सरकार जगात कुठे बघितलंत?" मास्तर म्हणायचे. "बाजाराच्या हाती दिलं असतं, तर हा माणूस कुठे असता?"

"घरी, पंख्याखाली!" वोल्फी उसळायचा. "आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, ही तुमची व्यवस्था. भाव मोकळे सोडा, मास्तर. मग बघा, ज्याची त्याची खरी किंमत ज्याला त्याला मिळते की नाही."

"अरे भांडा, पण सावली गेली," आजोबा खालून म्हणायचे. मग दोघे खुर्चीचा एकेक हात धरून ती उचलायचे आणि दोन पावलं सरकवून पुन्हा सुरू व्हायचे.

एकदा आजोबांना सणकून ताप भरला. नेरेइदा म्हणाली, "आज राहू दे." मास्तर म्हणाले, "दूध पावडर आली आहे." मग डोक्यावर ओला टॉवेल टाकून त्यांना नेलं. परत आणेपर्यंत टॉवेल वाळून खडखडीत झाला होता. दूध मात्र मिळालं. त्या संध्याकाळी सगळी गल्ली त्यांच्या खाटेभोवती जमली, सूप आलं, पपई आली. सख्ख्या बापाची होणार नाही अशी सेवा झाली. ते बरे व्हायलाच हवे होते, शुक्रवारी तेल येणार होतं.

पुढे नेरेइदाही पेरू देशात गेली. धुणीभांडी करायला, दुसरं काय. जाताना डोळे पुसत म्हणाली, "चिंका, बाबांचं कुणालाच ओझं नाही. ते आपलं कमावून खातात." तेव्हा ते खरंच होतं. रोज एका घरचं ताट त्यांच्यासमोर यायचं. कधी कधी दोन घरांत भांडणं लागायची, आज आजोबा कुणाचे म्हणून.

आणि मग सरकारने हात काढून घेतला. जाहीर काही केलं नाही, नुसतं दुसरीकडे बघायला लागलं. भाव मोकळे झाले, डॉलर उघड उघड चालायला लागले, आणि वोल्फीच्या ओस दुकानात थंडगार हवेचं यंत्र बसलं. पीठ, लोणी, परदेशी बिस्किटं, सगळं छतापर्यंत रचलेलं. रांग नाही. ज्याच्याकडे डॉलर त्याने आत जावं, ज्याच्याकडे नाही त्याने काचेतून बघावं. मास्तरांच्या महिन्याच्या पगारात चीजचा एक तुकडा यायचा, तोही मास्तरांच्या तळहाताएवढाच.

गरज सरो, वैद्य मरो. पहिला आठवडाभर ताटं सवयीने आली. मग मला वाटायचं आज मास्तरांकडे जेवतील, मास्तरांना वाटायचं वोल्फीकडे, आणि वोल्फीला काहीच वाटायचं नाही. आजोबा माझ्या दारात यायचे, शर्ट तोच, आता इस्त्रीशिवाय.

"चिंका, आज मी कुणाचा?"

"आज रांग नाही, आजोबा."

"मग उद्या असेल."

कधी अर्धी अरेपा द्यायचे त्यांना. पोटभर द्यायला माझ्याकडे नव्हतं, आणि रोज द्यायची इच्छाही नव्हती. नेरेइदाचा फोन लागेनासा झाला. आजोबांनी आपली खुर्ची उचलली आणि वोल्फीच्या दुकानासमोर नेऊन मांडली.

"आजोबा, रांगा संपल्या," वोल्फी बाहेर येऊन म्हणाला. "सांगून सांगून माझं तोंड दुखलं."

"माल संपला की लागेल रांग."

"माल संपत नाही आता!"

"संपतो रे," आजोबा समजुतीने म्हणाले. "तू दम धर."

गिऱ्हाइकांना ते भिकारी वाटायचे. कुणी नोट पुढे केली की त्यांना भयंकर राग यायचा. "मी कामावर आहे," म्हणायचे. वोल्फीने शेवटी त्यांची खुर्ची दारापासून लांब, भिंतीपाशी करून दिली. तिथे सकाळी सावली असते. नंतर नसते.

एका सकाळी मी मीठ आणायला निघाले, तर वोल्फीच्या दुकानासमोर आजोबांच्या मागे एक बाई उभी. तिच्या मागे दोघं. मी विचारलं, "काय आलंय?"

"माहीत नाही. पण आजोबा पुढे आहेत."

मी लगेच मागे उभी राहिले. आमच्या हाडात मुरलेली खोड. रांग दिसली की आधी उभं राहायचं, मग विचारायचं. बघता बघता कोपऱ्यापर्यंत माणसं. कुणी म्हणालं स्वस्त पीठ येणार, कुणी म्हणालं सरकारने पुन्हा भाव बांधले. मास्तर धावत आले, चेहरा लग्नघरासारखा उजळलेला. माणसं ओलांडून थेट पुढे गेले आणि आजोबांच्या कानाशी वाकून म्हणाले, "आजोबा, आज तुम्ही आमचे बरं का!"

आजोबांची मान छातीवर कलली होती. मास्तरांनी त्यांचा हात धरला आणि लगेच सोडला, तो गार पडला होता.

रांग मोडली. काही आलेलं नाही हे कळल्यावर निम्मे लोक चडफडत घरी गेले. दुकानाच्या पहारेकऱ्याने विचारलं, "कुणाचे आहेत हे?" याच प्रश्नाला एकेकाळी दहा जण ओरडायचे, आमचे, आमचे. आता जो तो दुसऱ्याकडे बघत होता.

"हे सरकारचं काम," मास्तर म्हणाले. "नगरपालिकेला कळवा."

"सरकार येईपर्यंत माझ्या दुकानासमोर ठेवायचे?" वोल्फी म्हणाला. "ज्यांनी वापरले त्यांनी उचलावं."

"तू नाही वापरलेस?"

"वापरले, आणि ठरलेलं भाडं चोख दिलं. व्यवहार तिथे संपला!"

"हीच तुमची बाजाराची माणुसकी!"

खुर्चीच्या एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला वोल्फी. भिंतीची सावली आखडत आली आणि ऊन आजोबांच्या तोंडावर चढलं. माझ्याने बघवेना. मी ओरडले, "अरे, निदान खुर्ची तरी सावलीत घ्या!"

भांडायचे थांबून दोघांनी माझ्याकडे बघितलं आणि एकदमच विचारलं, "कुणी?"