अन्वरचे हात आणि माझे

"ही लाल चौकट दिसते ना, हेच कारण," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि माझ्याच पाठीचा फोटो मोबाइलवर माझ्यापुढं धरला. सरकारी दवाखान्याच्या त्वचारोग विभागात मी शर्ट काढून बसलो होतो. "इपॉक्सी रेझिन. तुम्ही रंगाआधी गाडीला जो प्रायमर मारता, त्यात असतं. या आजाराला अ‍ॅलर्जिक कॉन्टॅक्ट डर्मटायटिस म्हणतात. म्हणजे एखादी वस्तू वर्षानुवर्षं कातडीला लागत राहते आणि एक दिवस कातडी तिला दुश्मन समजायला लागते. मग थेंबभर लागलं तरी भडकते."

"कधी जाईल?"

"पुरळ जाईल. अ‍ॅलर्जी जाणार नाही. प्रायमरचं काम सोडावं लागेल."

तेव्हा मला बायको आठवली नाही, लेकरं आठवली नाहीत. अन्वर आठवला.

मी आणि अन्वर शहरातल्या छावणी भागात एका गॅरेजात गाड्या रंगवायचो. मी पाचोडहून आलेलो, तो छावणीतच वाढलेला. एकाच महिन्यात कामाला लागलो. चौदा वर्षं एकाच डब्यातला प्रायमर, रंग पातळ करायचा एकच थिनर. त्यातली शेवटची वर्षं दुष्काळाची. शहर शेंद्र्याच्या कारखान्यांपर्यंत पसरत चाललेलं, रस्त्यावर रोज नव्या गाड्या आणि आमच्याकडं रोज नव्या ठोकलेल्या. पाणी मात्र टँकरचं, ड्रममध्ये राखलेलं. हात धुवायला ते कोण देणार? थिनरमध्ये चिंधी बुडवायची आणि कोपरापर्यंत पुसून घ्यायचं. दोघंही तेच करायचो.

भेगा पडल्या त्या माझ्याच हातांना.

आधी बोटांच्या बेचक्यांत खाज. मग पाण्याचे बारीक फोड. मग मनगटापर्यंत कातडी जाड झाली, चिरली. माझ्या शर्टाची बटणं सुनीता, माझी बायको, लावून द्यायची. दुपारी डबा खाताना अन्वर उघड्या हातानं कांद्यावर लिंबू पिळायचा. मी चमच्यानं भात खात त्याच्या बोटांकडं बघत बसायचो. गुळगुळीत बोटं. नखंसुद्धा शाबूत. यालाच का नाही काही होत?

मलमांनी भागेना, तेव्हा मॅडमनी पॅच टेस्ट केली. पाठीवर पट्टीनं संशयित रसायनं चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात, आणखी दोन दिवसांनी परत बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही. "आंघोळ करू नका," त्या म्हणाल्या तेव्हा मला हसूच आलं. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात कुणीच करत नव्हतं.

निकाल सांगितला त्या दिवशी निघताना त्या म्हणाल्या, "सोबतच्या लोकांना पण सांगा. थिनरनं हात पुसणं बंद करा. जाड नायट्राइल रबराचे हातमोजे घाला, नुसते पातळ नको, त्यातून थिनर पाझरतो."

मी हो म्हणालो. अन्वरला सांगितलं नाही.

विसरलो असं नाही. रोज आठवायचं. गॅरेजच्या शेठनी मला आलेल्या गाड्या नोंदवून घ्यायच्या कामावर बसवलं होतं. गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, "अन्वरभाईच मारणार ना कलर?" शटरच्या आडून त्याच्या स्प्रे-गनचा आवाज यायचा, एका लयीत. मी मनात म्हणायचो, उठू दे एक फोड. एकच. म्हणजे कळेल.

दोनेक महिन्यांनी मॅडम त्यांच्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन गॅरेजात आल्या. काम करताना कातडीला काय काय, कुठं कुठं लागतं, ते त्यांना मोजायचं होतं. याला डर्मल एक्स्पोजर असेसमेंट म्हणतात. त्यांनी प्रायमरमध्ये एक पावडर मिसळली. ती अपाय करत नाही, साध्या उजेडात दिसत नाही, पण जांभळ्या दिव्याखाली चमकते. अन्वरनं नेहमीसारखा गाडीच्या एका दरवाजाला प्रायमर मारला, चिंधीनं हात पुसले. मग विद्यार्थ्यांनी शटर ओढून दिवा लावला.

त्याचे हात कोपरापर्यंत पेटल्यासारखे दिसले. मानेवर बोटांचे ठसे. कानामागं. ओठाच्या कडेला.

मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला.

"पुसले की मी!" अन्वर म्हणाला.

"पुसलं नाही, पसरवलं," मॅडम म्हणाल्या. "थिनर कातडीचं तेल काढून घेतो, मग हे आत शिरायला सोपं जातं."

"पर मला तर काय झालं नाय."

"आज नाही झालं. मिलिंदलाही कितीतरी वर्षं काही झालं नव्हतं." मग त्या माझ्याकडं वळल्या. "तुम्ही सांगितलं होतं ना यांना?"

एका विद्यार्थ्यानं दिवा बंद केला आणि शटर वर ढकललं.

मॅडम गेल्यावर अन्वर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मेरे हातां पे जलता था क्या तू?"

"व्हय," मी म्हणालो.

तो पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. डबा वेगळा खायचा. मी शेठच्या मागं लागून जाड हातमोजे आणि कोपरापर्यंतच्या बाह्या आणवल्या, हात धुवायला साबण आणि पाण्याचा वेगळा ड्रम ठेवायला लावला. अन्वरनं हातमोजे घातले, पण माझ्याकडं न बघता. सोळाव्या दिवशी एक हातमोजा माझ्यापुढं टाकून म्हणाला, "देख, अंगठ्यापाशी फाटला ना?" फाटला होता. मी नवा काढून दिला. तेवढ्यावर बोलणं सुरू झालं.

माझे हात आता बरे आहेत. डाग आहेत, पण बटणं मीच लावतो. एकदा विसरून ताज्या प्रायमरला हात टेकला, तर दुसऱ्या दिवशी मनगट सुजलं. गनचा आवाज आला की अजून आत काहीतरी टोचतं. ते जाईल असं मला वाटत नाही.

तुमच्यापैकी कुणाला असं झालं, तर डॉक्टरांनी सांगितलेलं त्याच दिवशी शेजारच्याला सांगा. मनात काहीही असो, आधी सांगा.

गेल्या उन्हाळ्यात अन्वर बाही वर करून आला. कोपराच्या आतल्या बाजूला लाल पुरळ. मी त्याला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. दीड तास बाकड्यावर बसलो. तो खाजवायला गेला की मी त्याचा हात धरायचो. मॅडमनी भिंग लावून बघितलं.

"घामोळं आहे," त्या म्हणाल्या.

मी इतक्या मोठ्यानं हसलो की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.