बिनमिशीचा दिगू

कापसाची गंजी आणि नाटकवाल्यांचे किस्से यांचं एक असतं. खालून मूठभर ओढायला जावं, तर सगळं अंगावर येतं! आमच्या सेलूच्या नाट्यमंडळात दिगूचं नाव निघालं की असंच होतं.

दिगू म्हणजे दिगंबर, तहसीलमधला कारकून. मंडळाला बाई मिळेना, म्हणून बाईची कामं तो करायचा. अशी करायचा की पुढे आम्ही बाई शोधलीच नाही.

*

पहिल्या कामासाठी त्याने मिशी काढली. घरी वडील, अण्णा, दारातच उभे. "बाप मेल्यावर काढत्यात मिशी. मी जिता हाय अजून!"

त्यानंतर अण्णांनी मंडळाच्या मांडवाकडे पाठ फिरवली. दिगूला तेवढं एकच लागून राहिलं होतं.

*

ऑफिसात हेडक्लार्क त्याला रोज "या बाई" म्हणायचे. एकदा दिगू त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उभाच राहिला.

"काय पायजे?"

"बाईमाणूस उभं हाय, भाऊसाहेब. खुर्ची द्या."

*

राणीसावरगावला प्रयोगानंतर एका म्हातारीने आत येऊन दिगूची खणानारळाने ओटी भरली. ती वळते न वळते तोच याने विडी पेटवली, आणि म्हातारीने मागे पाहिलं. आम्ही गार!

म्हातारी म्हणाली, "पी बाबा. लय रडवलंस आमाला, दमला आसशील."

*

मग टीव्हीवाले आमचं नाटक घ्यायला आले. दिगूने घरी टीव्हीच आणून ठेवला. म्हणाला, "मांडवात न्हाई येत अण्णा. घरातून उठून कुठं जातेत?"

पण टीव्हीच्या साहेबांनी त्याला पाहिलं आणि ते म्हणाले, "स्टेजवर ठीक आहे हो. असला बायकी प्रकार घराघरांत कसा दाखवायचा?" त्यांनी शहरातून नटी आणली.

नटीला नाटकातला उंबऱ्यावर बसून रडायचा प्रसंग जमेना. तेव्हा साहेबांना दिगू आठवला! माझं डोकं फिरलं. दिगूने मात्र शर्टपँटीत दिवसभर तिला बसणं, उठणं, पदर धरणं शिकवलं. मला म्हणाला, "मी न्हाई तर न्हाई. काम तरी चांगलं जाऊ दे."

इतका मोठ्या मनाचा नट मी दुसरा पाहिला नाही.

*

नाटक लागलं त्या दिवशी आम्ही सगळे दिगूच्या घरी. पडद्यावरच्या कलाकारांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. अण्णा पुढे बसलेले, दिगू पार मागे, दाराशी.

उंबऱ्यावरचा प्रसंग आला. नटीने पदराचं टोक दातात धरलं, सोडलं, डोळे पुसले.

अण्णा म्हणाले, "बाई कोनबी आसंल. पदर आपल्या दिगूचा हाय."

दिगूच्या बायकोनेच विचारलं, "तुमी कवा बघितला, मामंजी?"

अण्णांनी मान वळवली नाही.

"आवाज वाढव जरा."