रविवारचे हवालदार

दुरुस्तीला आलेल्या कॉम्प्युटरसमोर बसले की हवालदार आपले दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी अर्धा तास. गिऱ्हाईक चुळबुळ करायचं, पण ते पडद्यावरची नजर हलवत नसत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा न राहवून कारण विचारलं. म्हणाले, "हात मोकळं असलं की पेचकस शोधत्यात. आदी त्येला आपल्यासमोर चुकू द्यायचं. मग हात लावायचा."

रहिमतपुरात त्यांचं छोटं दुकान होतं. सैन्यात सिग्नलच्या कामात बावीस वर्षं काढून ते परतले होते. गावातले लोक मान म्हणून त्यांना सुभेदार म्हणायचे आणि ते दर वेळी न चिडता दुरुस्ती करायचे, "हवालदार हाय मी. जेवढं हाय तेवढंच म्हणा." मी नोकरीभर कालव्याच्या पाण्याची पातळी वहीत लिहिली. दोन सेंटिमीटर इकडचे तिकडे झाले तरी मला झोप येत नसे. असा माणूस मला आवडला नसता तरच नवल.

त्यांच्याकडे जायचं कारण म्हणजे आमच्या केतकीचा कॉम्प्युटर. सांगलीत इंजिनियरिंगला असताना तिने एकेक भाग स्वतः निवडून तो जुळवून घेतला होता, गेम खेळण्यासाठी. पुढे ती नोकरीला जर्मनीत गेली आणि तो घरीच राहिला. जाण्याआधी तिने मला त्यावरच्या एका गेममध्ये ट्रक चालवायला शिकवलं. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता ती तिथून आणि मी इथून असे दोघे एकाच रस्त्यावर ट्रक काढायचो. ती पुढे, मी मागे. कानाला हेडफोन, हात स्टिअरिंगवर, आणि बोलणं आपोआप सुरू.

हे मी मोजलेलं आहे म्हणून सांगतो. फोनवर आमचं बोलणं चार मिनिटांत संपायचं. जेवलीस का, बरी आहेस ना, आईला देतो. ट्रक चालवताना मात्र आम्ही तास-सव्वा तास बोलायचो. तिचा साहेब कसा आहे, तिला कशाची भीती वाटते, लग्नाचं तिच्या मनात काय आहे, हे सगळं मला त्या रस्त्यावर कळलं. "मुलीशी बोलायला माणसाला इंजिन लागतं," असं आमची ही म्हणायची. खोटं नव्हतं ते.

मग एका वर्षी दसऱ्यानंतर गाडी अडखळायला लागली. पडद्यावर सेकंदाला किती चित्रं उमटतात, त्याचा आकडा कोपऱ्यात दिसतो. त्याला फ्रेमरेट म्हणतात. तो साठ असला की रस्ता लोण्यासारखा सरकतो. आमच्याकडे पहिली बारा मिनिटं साठ असायचा. मग एकदम पंचवीस, परत पन्नास, मग अठरा. वळणावर चित्र अडकायचं आणि माझा ट्रक शेतात जायचा. केतकी पुढे थांबून राहायची. तीन रविवार तिने कळ काढली. चौथ्या रविवारी म्हणाली, "बाबा, राहू दे आता. फोनवरच बोलू." त्या दिवशी फोनवर तीन मिनिटं आणि काही सेकंद झाली.

मी शनिवारी बसून चार उपाय केले. कार्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर नवं टाकलं, रॅम वाढवली, विजेची सेटिंग बदलली, अँटिव्हायरस काढून टाकला. काही फरक पडला नाही, उलट चित्र अकराव्या मिनिटालाच अडायला लागलं. ही सगळी हकिगत मी आकडे टिपलेल्या वहीसकट हवालदारांपुढे मांडली. त्यांनी वही मन लावून वाचली. आकड्यांवर खूश झाले, पण त्या शनिवारच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "आवं भाऊ, चार गोळ्या एकदम खाल्ल्या तर ताप कुठलीनं उतारला आन् कुठलीनं चढला, डॉक्टरला तरी कळंल का? एका टायमाला एक." आणि त्यांनी माझे चारही बदल उलटे फिरवून मशीन होतं तसं केलं.

त्यानंतर ते हात मांडीखाली घालून बसले. बाराव्या मिनिटाला आकडा पडला. त्याच वेळी पडद्यावरची चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचं तापमान एक्क्याण्णव झालं होतं. "तापतंय म्हणून दमतंय," एवढंच बोलून त्यांनी बाजूचा पत्रा काढला आणि बॅटरी आत धरली. बराच वेळ ते आत पाहत राहिले. मग चिमट्याने काहीतरी ओढून माझ्या तळहातावर ठेवलं. वाळून काळ्या पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या आणि वीतभर दोरा.

ती चूक माझी होती. खंडेनवमीला घरोघर हत्यारांची पूजा करतात, आम्ही कॉम्प्युटरचीही करायचो. बाकीचे लोक वरून हळदकुंकू लावून मोकळे होतात. मला ते पटेना. खरं काम आतलं कार्ड करतं, तर पूजा बाहेरच्या पत्र्याची कशी? म्हणून त्या वर्षी मी पत्रा उघडून कार्डालाच कुंकू लावलं होतं आणि वर झेंडूची छोटी माळ ठेवली होती. दुसऱ्या दिवशी माळ उचलली, पण ती तुटली होती. दोरा कार्डाच्या एका पंख्याच्या आसाला गुंडाळला गेला, पंखा बंद पडला आणि दुसरा एकटाच धडपडत राहिला.

हवालदार हसले नाहीत. त्यांनी जाळीतलं कुंकू ब्रशने हळूहळू झाडलं. पत्रा बसवताना म्हणाले, "पूजा आमी बी करायचो बंदुकीची. पर नळीत कुक्कू न्हाई घालत."

तापमान चौऱ्याहत्तरवर आलं, पण आकडा अजून साठ आणि चव्वेचाळीसमध्ये हेलकावे खात होता. मशीन नऊ वर्षांचं झालं होतं. नवीन कार्ड घ्यायला मी तयार होतो. हवालदारांनी मान हलवली. त्यांनी झाडांच्या सावल्या बंद केल्या, लांबचे डोंगर पुसट केले आणि आकडा तीसवर बांधून टाकला. मला ते निम्मं करणं वाटलं. ते म्हणाले, "साठाचा सोस कशापायी? डोळ्याला तीस चालतंय, हेलकावा चालत न्हाई. म्हाताऱ्याला कमी सांगा, पर रोज तेवढंच सांगा. लय दिस जाईल."

त्यांचा एक नियम होता. ज्या कामासाठी मशीन आणलं, ते काम पूर्ण एकदा पाहिल्याशिवाय दुरुस्ती झाली म्हणायची नाही. म्हणून ते त्या रविवारी पाच वाजता आमच्या घरी आले आणि माझ्या मागे खुर्चीत बसले. आकडा सव्वा तास तीसवरून हलला नाही. केतकीने विचारलं, मागे कोण आहे? मी हेडफोन काढून स्पीकर लावला. तेव्हापासून ती त्यांना काका म्हणायला लागली.

पुढच्या रविवारी ते परत आले. म्हणाले, एकदा बघून जातो. त्याच्या पुढच्याही रविवारी आले. मशीनमध्ये काही दोष नव्हता, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं. चहा व्हायचा, केतकीशी त्यांची चार वाक्यं व्हायची, बाकी वेळ ते गप्प ऐकत. ही तर पाचला न विचारताच तीन कप मांडायची. असे एकशे सहा रविवार झाले. मागच्या पौषात त्यांना छातीत दुखलं म्हणून साताऱ्याला नेलं, ते परत आले नाहीत.

महिन्याभराने त्यांचा मुलगा दुकान रिकामं करायला आला. तोही सैन्यात, कुठेतरी वर बर्फात. त्याच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं. मी भेटायला गेलो तेव्हा तो खोकी बांधत होता. ओळख सांगितल्यावर त्याने विचारलं, "आण्णा दर रविवारी तुमच्याकडं यायचे म्हणं. काय करायचे?"

मी ट्रकचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आमचं फोनवर दोन मिनिटं व्हायचं. बरा हाय का, बरा हाय. बास." आणि खोक्याची सुतळी आवळत, "माझं नाव काढायचे का?"

मला खोटं बोलता येत नाही. नाव कधी काढलं नव्हतं, ते मी तसंच सांगितलं. पण मग आठवत गेलं तसं तेही सांगितलं. ते केतकीला दर वेळी विचारायचे, पोरी, थंडी किती हाय? पायमोजं दोन घालतीस का? आणि सगळ्यात शेवटी, न चुकता, या आठवड्यात रातची ड्युटी हाय का. केतकी दर वेळी, नाही काका, म्हणायची. तिची नोकरी बँकेतली. तिला रात्रपाळी कधी नव्हतीच. आम्हाला वाटायचं, हवालदार विसरतात.

हातातली सुतळी त्याने खाली ठेवली, बांधलेल्या दोन खोक्यांपैकी एक माझ्याकडे सरकवलं आणि दुसऱ्यावर स्वतः बसला.

"बसा," तो म्हणाला. "आजून सांगा."