सुतारणीचा हात

गल्लीत तिला सगळे सुतारीण म्हणत. बावीस वर्षं ती सुतार पक्ष्यांच्या घरट्यांचा अभ्यास करत होती. नव्या शेजाऱ्याने तर एकदा मोडकं दारच दुरुस्तीला आणलं होतं. शिडी धरायला नवरा असायचा, निवृत्त बसचालक.

उजवा हात थरथरतो, हे तिने वर्षभर कामावर लपवलं. लेक मागे लागली होती, "आई, डॉक्टरांना दाखव ना."

"हंगाम संपू दे," ती म्हणायची.

त्या सकाळी तिने ढोलीतली तीन पिल्लं पिशवीतून खाली आणली. दोघांच्या पायांत ओळखीसाठी नंबराची कडी पकडीने नीट बसली. तिसऱ्याच्या वेळी पक्कड हलली आणि पाय मोडला. पिल्लू चिरकलं.

"काय झालं गं?" शिडीपाशी उभ्या नवऱ्याने विचारलं.

"काही नाही," म्हणत तिने पिल्लू ओंजळीत धरलं. "अहो, पाय मोडला त्याचा. माझ्या हातून."

तिने पायाला काडीचा आधार बांधला, पिल्लं ढोलीत ठेवली आणि तीन दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत झाडाखाली बसून राहिली. चौथ्या दिवशी वर चढून पाहिलं, तर तिसरं पिल्लू तळाशी गार पडलं होतं.

घरी येऊन तिने नोंदवहीत कारणाच्या रकान्यात 'माझा हात' असं लिहिलं. मग लेकीला फोन लावला आणि हुंदके देत रडली.

त्यानंतर ती झाडावर चढली नाही. उरलेली दोन पिल्लं उडाली, तेव्हा नवरा एकटाच बघायला गेला होता.