शेजाऱ्याच्या फेजवरचा गिझर

माझे मेहुणे खंडेराव दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात खोल्यांचं आरक्षण सांभाळत. शेजारच्या टेबलावरचे श्यामकांत नव्वदनंतर खासगी कंपनीत गेले, त्यांनी गुडगावला फ्लॅट घेतला, गाडी घेतली. मग खंडेरावांनीही त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर फ्लॅट घेतला. कारण विचारलं तर म्हणत, "इकडे हवा चांगली." श्यामकांतांकडचे पडदे बदलले की यांचेही बदलत. माणूस वाईट नव्हता. श्यामकांतांचं चांगलं झालेलं त्यांना पचत नसे, एवढंच.

त्या वर्षी खंडेरावांच्या लेकीचा, शिवांगीचा पहिला दिवाळसण होता. जावई शार्दूल पुण्याचा इंजिनिअर. नरकचतुर्दशीला त्याला कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, ही खंडेरावांची हौस. पण गिझर तासभर चालला तरी पाणी कोमटच. श्यामकांतांचा गिझर अगदी तसाच, तरी त्यांच्याकडे वाफा निघत.

आदल्या दिवशी शिवांगी म्हणाली, "बाबा, काकांकडे जाऊ ना आंघोळीला. ते बिल्कुल नाही म्हणणार नाहीत."

"माझा जावई त्यांच्या बाथरूममध्ये न्हाणार? मग दिवाळी करूच नका!"

शार्दूलने फ्रिजच्या स्टॅबिलायझरचा काटा पाहिला. बाहेरून येणारं व्होल्टेज त्यावर दिसे. "बाबा, गिझरवर दोन हजार वॉट आणि दोनशे तीस व्होल्ट लिहिलंय. वॉटला व्होल्टने भागलं की करंट, साधारण पावणेनऊ अँपिअर. व्होल्टला करंटने भागलं की रोध, सव्वीस ओहम. तो तेवढाच राहतो. पण इथे काटा एकशेसाठवर आहे. म्हणजे करंट जेमतेम सहा अँपिअर. एकशेसाठ गुणिले सहा... हजार वॉटसुद्धा नाहीत."

"आणि त्यांच्याकडे?"

शिवांगी बघून आली. "दोनशेपंधरा."

"मग साडेसतराशे वॉट," शार्दूल म्हणाला.

"म्हणजे जवळजवळ दुप्पट घेतोय तो!" खंडेराव उठलेच. इमारतीत विजेचे तीन फेज, म्हणजे तीन वेगळ्या तारा येत. ज्याच्यावर व्होल्टेज बरं, त्याच्यावर आपला फ्यूज हलवायचा, हा तिथला रिवाज. खंडेरावांनी खाली जाऊन तो श्यामकांतांच्या फेजवर लावला. वर येऊन काटा पाहिला, तर दोनशेवर! संध्याकाळभर ते खुशीत होते.

पहाटे काटा एकशेपन्नासवर. दिवाळीसाठी निम्मी इमारत त्याच फेजवर आली होती, त्या भाराने व्होल्टेज उतरलं होतं. तेल लावलेला शार्दूल पंचा नेसून कुडकुडत म्हणाला, "बाबा, आपला जुना फेज आता मोकळा असेल. परत जाऊ, लगेच तापेल पाणी."

"जा की!" माझी बहीण अरुणा ओरडली.

खंडेरावांनी दार उघडलं, तर समोर श्यामकांत, खांद्यावर टॉवेल. "खंडेराव, तुमचं पाणी तापतंय का हो? आमचं तर बर्फ झालंय!"

"नाही बुवा, आमचंही तसंच," खंडेराव म्हणाले. कित्येक दिवसांत त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. दार लावून ते आत आले.

"आपण हललो तर काकांच्या फेजवरचा भारही कमी होईल," शार्दूल भाबडेपणाने म्हणाला. "थोडं त्यांचंही तापेल."

खंडेरावांनी पायातली चप्पल काढली. "राहू दे. मुहूर्त टळेल."

"मुहूर्त कसला! जळकुटेपणा आहे नुसता," म्हणत अरुणाने गॅसवर मोठं पातेलं चढवलं. "दादा, तू तरी सांग ह्यांना काही!"

मी तापलेलं पाणी बादलीत ओतून दिलं. पहिला तांब्या जावयाच्या डोक्यावर ओतून खंडेराव हळूच मुलीला म्हणाले, "जा, बघून ये गं. त्यांच्याकडेही गॅसवरच ठेवलंय ना?"