रोटाच्या दिवसांत पाजलेली दारू

भिकुबाई आमच्या वस्तीत आली ती सुकदेवची बायको म्हणून. पुढे वस्ती सुकदेवला भिकुबाईचा नवरा म्हणू लागली. मधे जे झालं ते मी पाहिलं आहे. थोडं माझ्या हातूनही झालं आहे.

जळगावच्या डाळमिलमध्ये आमची बारा हमालांची टोळी होती. तुरीचं पोतं शंभर किलोचं. दोघांनी उचलून तिसऱ्याच्या पाठीवर द्यायचं, त्याने फळीवरून चढून थप्पीवर टाकायचं. मजुरी सगळ्यांना सारखी. त्यामुळे एक जण ढिला पडला की त्याचं वजन बाकीच्यांच्या पाठीवर येई. सुकदेव ढिला नव्हता. फक्त सकाळी त्याचे हात थरथरत. पोतं ओढायचा लोखंडी आकडा पोत्यात रुतायच्या जागी बाजूला सरके. मग आम्ही त्याला मिलच्या भिंतीआड ग्लासभर हातभट्टीची पाजायचो. हात थिर व्हायचे, तो संध्याकाळपर्यंत पोती ओढायचा. आठ वर्षं पाजली. आम्हाला ती मदत वाटत होती.

सुकदेवचं घर पारोळ्याकडचं. त्यांच्याकडे श्रावणात कानबाई बसे. नागपंचमीनंतरच्या रविवारी मातेची स्थापना, सोमवारी विसर्जन आणि पुढे पुनवेपर्यंत घरात रोटाची पोळी. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेऊन भाऊबंदांचा रोट एकत्र दळायचा. तो संपेपर्यंत मटण नाही, दारू नाही. सुकदेव एरवी कुणाच्या बापाचं ऐकत नसे, पण हे पाळायचा. शनिवारी घर सारवलं की दारू बंद. थेंब नाही.

आणि सोमवारी त्याच्या अंगात यायचं.

दोन वर्षं असं झालं. अंग थाडथाड उडायचं, घाम, डोळे तारवटलेले, कुणाशी तरी बोलणं. बायका पाया पडायच्या. वस्तीतच राहणारा त्याचा थोरला चुलतभाऊ नथ्थूनाना भाऊबंदांचा कारभारी होता. तो नारळ फोडून सांगायचा, "कानबाईनं वारं शे. आमना घरवर मातानी नजर शे." मीही नारळ वाहिला आहे.

तिसरं वर्ष १९८८चं. जळगावातल्याच मेहरूणच्या तळ्यावर मातेला निरोप देऊन सगळे परतले. सुकदेव ओट्यावर बसला होता. भिकुबाई त्याला पाणी द्यायला वाकली, तशी तिच्या खांद्यावर त्याला साप दिसला. खुंटीवर आकडा होता. त्याने तो काढला आणि सापाला मारला.

आकडा तिच्या उजव्या खांद्यात वाकापर्यंत गेला. त्याने तो ओढला, कारण साप ओढून काढायचा होता. मांस फाटल्याचा आवाज पोतं फाटल्यासारखाच येतो. मी त्याचं मनगट पिरगाळून आकडा सोडवला. त्याने माझ्या कानावर डोकं आपटलं. चौघांनी मिळून त्याला घरातल्या खांबाला बांधला.

नथ्थूनानाने निंबाच्या डहाळ्या आणल्या आणि त्याला झोडायला सुरुवात केली. "बोल! कोन शे तू? माता शे का दुसरं काही?" सुकदेव ओरडत होता, पण ते उत्तर नव्हतं. पाठीवर वळ उठले, मग वळ फुटले. बायका अजून पाया पडत होत्या.

भिकुबाई खांद्यात लुगड्याचा बोळा दाबून उभी होती. म्हणाली, "वारं ऱ्हातं तं मना खांदा फाडतं का?"

"तुनंच काही चुकनं व्हई," नाना म्हणाला.

ती चालत दवाखान्यात गेली. मी बरोबर होतो. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. डॉक्टर गावाला गेलेले, कंपाउंडर भाईदास होता. त्याने भूल नसताना नऊ टाके घातले. ती दात खाऊन बसली. टाके घालता घालता त्याने सगळं विचारून घेतलं. रोज किती पितो, सकाळी लागते का, बंद केव्हा केली.

"शनिवारपासून बंद," मी म्हणालो. "रोट आहे ना."

भाईदासने सुई थांबवली. "वहिनी, हे वारं नाही. अंगाला दारू तुटली की असं होतं. मी स्वतः यातून गेलोय, मला भिंतीतून मुंग्या येताना दिसायच्या. त्याला असाच बांधून ठेवलात तर आज-उद्या झटके येतील. झटक्यात माणूस मरतो."

"मग काय करू?"

"सिव्हिलमध्ये वेडा म्हणून बांधून ठेवतील. धुळ्याला न्या. पांझरेच्या काठी एका धर्मशाळेत चार खोल्या आहेत. एक डॉक्टर तिथे दारूवाल्यांना ठेवून घेतात. फुकट."

"फुकट कोण देतं?" भिकुबाई म्हणाली. "मागून काय मागतात?"

"मागतात. घरचं एक माणूस दहा दिवस तिथे राहायला मागतात. माणूस नसेल तर परत पाठवतात." त्याने केसपेपरच्या पाठीवर पत्ता लिहिला. मग हळूच म्हणाला, "आणि तिथे पोचेपर्यंत त्याला थोडी थोडी पाजावी लागेल. झिंगवायची नाही, थरथर उतरेल एवढीच. शुद्धीत असेल तेव्हाच. मला हे सांगायला आवडत नाही, पण इथे दुसरं औषध नाही." तेही त्याने पत्त्याखाली लिहून दिलं.

आठ वर्षं तिने त्याच्या बाटल्या फोडल्या होत्या, त्यासाठी मार खाल्ला होता. आता मातेच्या रोटात तिने स्वतःच्या हाताने पाजायची.

भट्टीवर मी जातो म्हणालो. ती म्हणाली, "नही. पाप मना हातनं शे, तं बाटली बी मीच आनसू." भट्टीवाली हसली. "काय वं, नवऱ्याला पाजायला बायको आलेली पहिल्यांदाच पाहतेय!" भिकुबाईने बाटली पदरात घेतली आणि वळली.

घरी दारात नाना काठी घेऊन आडवा. वास त्याला आधीच लागला होता.

"रोटना दिनमा दारू? तुले लाज शे का? बठ्ठा भाऊबंद मरतीन तुना पायी!"

"माताले मी सांगसू. तुम्हले नही. सरका."

तो सरकला नाही. मी त्याला खांद्याने ढकलला. त्याच्या दोन पुतण्यांनी मला खाली पाडून लाथा घातल्या. बरगडी मोडल्याचं मला कळलं. श्वास घेतला की आत टोचायचं. तेवढ्यात भिकुबाई आत शिरली. तिने खांबाचा दोर ढिला केला, सुकदेवचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाटलीचं तोंड त्याच्या ओठाला लावलं. एक घोट. थांबली. परत एक.

गर्दी दारात उभी होती. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. सुकदेवचे हात उडायचे थांबले. डोळे खाली आले. त्याने बायकोकडे पाहिलं आणि विचारलं, "पानी शे का?"

कोपऱ्यातली धुरपदाबाई ऐंशीच्या घरातली, नानाची चुलती. तीन वर्षं सगळ्यात पुढे तीच पाया पडायची. ती म्हणाली, "काय रे नथ्थू, मातानं वारं दारूवर उतरस का?"

कुणी तरी हसलं. नानाला धुरपदाबाईवर काठी उगारता येईना. त्याने ती भिकुबाईवर उगारली. तिने डावा हात मधे घातला. मनगट मोडलं. दुसरी काठी सुकदेवच्या डोक्यावर पडणार होती; ती भिकुबाईने पाठीवर घेतली. मग आमच्या टोळीतले चौघे आले. पुढच्या पाच मिनिटांत कोणी कोणाला मारलं ते मी सांगू शकत नाही. नानाचे दोन दात ओट्यावर पडले होते, एवढं खरं.

त्या चौघांनी सुकदेवला आळीपाळीने पाठीवर घेऊन स्टँडवर नेला. माणूस पोत्यापेक्षा हलका असतो, पण धरायला अवघड. एसटीत कंडक्टर म्हणाला, "बाई, गाडीत दारू चालणार नाही." भिकुबाईने केसपेपर पुढे केला. त्याने वाचला. पुढे बोलला नाही. उलट पारोळ्याला गाडी जरा जास्त थांबवली, कारण तिथेच सुकदेवला झटका आला. दातखिळी बसू नये म्हणून मी त्याच्या तोंडात अंगठा घातला. असं करू नये, हे डॉक्टरने नंतर सांगितलं. अंगठ्याचं पुढचं पेर आजही वाकत नाही. त्याला कुशीवर धरून बसलो. बऱ्याच वेळाने तो घोरायला लागला. भिकुबाईने मला विचारलं, "जित्ता शे ना?" जिवंत होता.

धुळ्यात डॉक्टरने त्याला पाहिलं, लगेच सुई टोचली. मग भिकुबाईकडे पाहिलं. उजवा खांदा बांधलेला, डावा हात सुजून दुप्पट झालेला.

"याच्याजवळ कोण राहणार?"

"मी."

"बाई, तुमचे दोन्ही हात कामाचे नाहीत. उठवायचा कसा, खाऊ घालायचा कसा? दुसरं कोणी घरचं नाही?"

"ज्यासनी हात मोडा, त्या घरनाच व्हतात," ती म्हणाली, मनगटाकडे बघत. "मी जवळ बसी राहसू. बसाले हात नही लागतस."

डॉक्टरने नोकराला एक खाट मोकळी करायला सांगितली. मग म्हणाला, "आधी प्लास्टर करून घ्या."

तीन दिवस सुकदेव कुठे होता ते त्यालाही माहीत नाही. दोनदा उठून पळाला, एकदा भिंतीवर डोकं फोडून घेतलं. भिकुबाई दाराला पाठ लावून बसली होती. तिला ओलांडल्याशिवाय बाहेर जाता येत नव्हतं. एकदा तो तिच्या पोटावर पाय देऊन गेला. तिने हाक मारून नोकराला बोलावलं आणि परत दाराला टेकली.

चौथ्या दिवशी सकाळी मी बरगड्या बांधून तिथेच होतो. सुकदेव शुद्धीत आला. बायकोचे हात पाहिले.

"कोनी मारं?"

"खांदा तुम्ही फाडा. हात नानानी मोडा." जेवणाचं ताट तिच्या पुढ्यात तसंच होतं. वाढणारा दुसऱ्या खोलीत अडकला होता.

सुकदेव खाटेवरून उतरला. भाकरीचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला आणि तिच्या तोंडाकडे नेला. हात असा थरथरत होता की डाळ तिच्या हनुवटीवर, पदरावर सांडली. दुसरा घासही सांडला. मी भरवतो म्हणालो. भिकुबाईने मान हलवून मला बसवलं.

अर्धी भाकरी भरवायला त्याला पाऊण तास लागला.

दिवाळीत तो पुन्हा प्यायला. तिने त्याला घेऊन त्याच दिवशी धुळ्याची गाडी धरली. त्यानंतर त्याने थेंब घेतला नाही; तिसऱ्यांदा जावं लागलं नाही.